चाकांना बंदी, पायांची चांदी!

ग्रीसच्या ईद्रा बेटावर निघण्याआधी गाठीशी बांधायच्या चोवीस गोष्टी

अथेन्सच्या बंदरातून वेगवान बोटीत बसायचं. दीड-दोन तासांत बोट एका अर्धगोल बंदरात शिरते. समोर डोंगरउतारावर राखाडी दगडांची आणि पांढऱ्या चुन्याची घरं एकावर एक चढलेली दिसतात. खाली पाऊल टाकलं की आधी कानांना काहीतरी चुकल्यासारखं वाटतं. हॉर्न नाही, इंजिनाची घरघर नाही, फक्त दगडी फरशीवर खुरांची टपटप. या बेटावर मोटार नाही, स्कूटर नाही, सायकलसुद्धा नाही. कचऱ्याची गाडी, आगीचा बंब, रुग्णवाहिका अशी मोजकी सरकारी वाहनं सोडली तर सगळा कारभार माणसांच्या पायांवर आणि गाढवा-खेचरांच्या पाठीवर चालतो.

दस्तुरी नाक्यावर गाडी सोडून माथेरानला चालत गेलेल्या मराठी माणसाला हे लगेच कळेल. फक्त इथं लाल मातीऐवजी दगडी पायऱ्या आहेत आणि खाली दरीऐवजी समुद्र. चाक नाही म्हटल्यावर सामान, भाडं, जेवण, झोप सगळं पायांच्या वेगानं होतं. तयारी त्याच हिशेबानं केली की सहल सुखाची होते.

१. नाव घ्या नीट

इंग्रजी नकाशावर ‘हायड्रा’ दिसतं, पण तिथले लोक म्हणतात ‘ईद्रा’. तिकीट काढताना, बोट विचारताना हाच उच्चार करा. नाव आलंय पाण्यासाठीच्या प्राचीन ग्रीक शब्दावरून. एके काळी इथं झरे होते म्हणतात. पुढे बेट इतकं कोरडं पडलं की कित्येक वर्षं पिण्याचं पाणी जहाजानं यायचं. जुन्या घरांच्या पोटात पावसाचं पाणी साठवायची टाकी असायचीच. आता समुद्राचं पाणी गोडं करणारा प्रकल्प आहे.

२. शाळेतलं गणित कामाला येतं

ग्रीक पाट्या पाहून घाबरू नका, निम्मी अक्षरं तुम्हाला शाळेपासून येतात. बंदराचं नाव पिरेअस. पाटीवर पहिलं अक्षर वर्तुळाच्या परिघातला पाय, शेवटचं बेरजेचा सिग्मा. ईद्राच्या पाटीवर दुसरं अक्षर डेल्टाचा त्रिकोण. तिसरं इंग्रजी ‘पी’सारखं दिसतं, पण तो ऱ्हो, म्हणजे ‘र’. भौतिकशास्त्रात घनतेसाठी लिहायचो तोच. शेवटी अल्फा. बोटीच्या फलकावर एवढी पाच अक्षरं ओळखता आली तरी निम्मी धावपळ वाचते.

३. ‘ने’ म्हणजे हो!

मराठी माणसाचा हमखास गोंधळ इथंच होतो. ग्रीकमध्ये ‘ने’ म्हणजे होकार. आपल्या कानाला ते ‘नाही’च्या जवळचं वाटतं आणि खोली आहे असं सांगणाऱ्या माणसासमोरून आपण तोंड पाडून निघतो. नकारासाठी शब्द आहे ‘ओखी’. नुसती हनुवटी वर करून जिभेनं ‘च्यक्’ केलं तरी तो नकारच. तो आवाज मात्र आपल्याला नवा नाही.

४. पंजा आवरा

‘पाच जण आहोत’ सांगायला किंवा ‘नको, नको’ म्हणायला बोटं फाकवून तळवा समोरच्याच्या तोंडापुढे धरू नका. या खुणेला ग्रीक लोक ‘मूंझा’ म्हणतात आणि ती चांगलीच जुनी शिवी आहे. पाच दाखवायचे असतील तर तळवा स्वतःकडे वळवा. नको म्हणायला हसून ‘ओखी, एफ्खारिस्तो’ म्हणा, म्हणजे ‘नको, धन्यवाद’.

५. व्हिसाची घाई आधीच करा

ग्रीस शेंगेन गटात आहे, त्यामुळे भारतीय पासपोर्टवर शेंगेन व्हिसा लागतो. अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो, आणि निदान पंधरा दिवस आधी तरी तो गेलेला असावा लागतो. उन्हाळ्यात भेटीच्या वेळा भराभर संपतात, तेव्हा पंधरा दिवसांच्या भरवशावर राहू नका. प्रौढांसाठी शुल्क ९० यूरो. निदान ३०,००० यूरोंचं संरक्षण देणारा वैद्यकीय विमा सक्तीचा. कुठल्याही १८० दिवसांत ९० दिवस राहता येतं. बेटासाठी वेगळी परवानगी लागत नाही.

६. विमानतळावरून थेट बंदर

अथेन्स विमानतळावरून निळी मेट्रो, म्हणजे ३ क्रमांकाची मार्गिका, थेट पिरेअसला जाते. साधारण तासाभराचा प्रवास, तिकीट ९ यूरो. रात्री-अपरात्री उतरलात तर एक्स ९६ क्रमांकाची बस चोवीस तास धावते. मेट्रोत गर्दी झाली की पाकीटमारांची चंगळ होते. बॅग पोटाशी आणि पासपोर्ट आतल्या खिशात ठेवा.

७. बोट थांबते, पण ताटकळत नाही

पिरेअस बंदर अवाढव्य आहे. बोटी वेगवेगळ्या प्रवेशद्वारांवरून सुटतात आणि त्यांना ‘ई’ अक्षर आणि क्रमांक असतो. ईद्राच्या बोटी सहसा ई-८ वरून निघतात. तरी तिकिटावरचा क्रमांक पाहा आणि अर्धा तास आधी पोचा. गाड्या वाहणारी मोठी फेरी या बेटाकडे जातच नाही, जाते ती फक्त प्रवाशांची वेगवान बोट. काही बोटी पाण्याखालच्या पंखांवर उचलल्या जातात आणि लाटांच्या वरून सुसाट निघतात. त्यांचं नावच ‘उडते डॉल्फिन’, आणि त्यांचा मूळ नमुना सोव्हिएत बनावटीचा. वाटेत बहुतेक बोटी पोरोस बेटाला थांबतात. तिथं उतरण्याची चूक पुष्कळ जण करतात. ईद्राला बोट काही मिनिटंच टेकते, म्हणून घोषणा झाली की सामान घेऊन दाराशी उभे राहा.

८. वाऱ्याशी पैज नको

जुलै-ऑगस्टमध्ये एजियन समुद्रावर उत्तरेचा कोरडा, जोरकस वारा सुटतो. त्याचं नाव ‘मेल्तेमी’. आकाश निरभ्र, ऊन लख्ख आणि समुद्र मात्र खवळलेला. वारा ठराविक जोरापुढे गेला की बंदर अधिकारी बोटींना मनाई करतात. या मनाईला सगळे ‘आपागोरेफ्तिको’ म्हणतात, आणि हलक्या वेगवान बोटी मोठ्या जहाजांच्या आधी अडकतात. ईद्रा सारोनिक आखाताच्या तोंडाशी असल्यानं खुल्या समुद्रातल्या बेटांइतका त्रास इथं होत नाही, पण होतो. म्हणून परतीच्या विमानाच्या आदल्या रात्री मुक्काम अथेन्सलाच ठेवा. बोट चुकली तर दुसरी मिळेल, विमान मिळणार नाही. आणि पर्यायी वाट माहीत असू द्या. समोरच्या मुख्य भूमीवर मेतोखी नावाचा धक्का आहे, तिथून लहान बोटी वीस-पंचवीस मिनिटांत बेटावर येतात. गाडीनं ग्रीस फिरणारे गाडी तिथंच ठेवतात.

९. चाकांची बॅग घरी ठेवा

धक्क्यावर उतरलात की पाच मिनिटं नुसते उभे राहा. मालाची बोट लागलेली असते. एकामागे एक दोरीनं बांधलेली चार खेचरं, पाठीवर लाकडी खोगीर, त्यावर जाड गोणपाटाची गादी. पहिल्यावर दोन्ही बाजूंनी सिमेंटची पोती. दुसऱ्यावर पाण्याच्या बाटल्यांचे गठ्ठे. तिसऱ्यावर कुण्या पाहुण्याच्या मोठ्या बॅगा, पट्ट्यानं आवळलेल्या. हाकणारा दोन्ही बाजूंचं वजन हातानं उचलून पाहतो, एक पोतं इकडून तिकडे करतो, दोर ओढून गाठ मारतो आणि जिभेनं टकटक आवाज काढतो. माळ आपसूक वळते आणि गल्लीत शिरते. घराची वीट, फ्रीज, सोफा, लग्नाचं सामान सगळं असंच वर चढतं.

आता तुमची बॅग. तिची चाकं धक्क्यावर शंभर पावलं कामाची, पुढे पायऱ्याच पायऱ्या. पाठीवर मावेल एवढंच सामान आणा. जास्त असेल तर उतारूंसाठी उभ्या असलेल्या खेचरवाल्याशी भाडं आधी ठरवा, किंवा हॉटेलला आधी कळवा म्हणजे ते माणूस पाठवतात.

१०. ओझ्यालाही कायदा

गाढव-खेचराच्या पाठीवर किती ओझं घालायचं याचा ग्रीसमध्ये नियम आहे. २०१८मध्ये सरकारनं मर्यादा स्पष्ट केली: १०० किलो किंवा जनावराच्या वजनाचा पाचवा हिस्सा. वजनदार प्रौढानं हौसेखातर पाठीवर बसू नये, हे यातच आलं. ज्या पाठींवर अख्खं बेट उभं आहे, त्यांना आपल्या फोटोसाठी शिणवायचं कशाला? आणि गल्लीत मागून खुरं वाजली तर भिंतीच्या बाजूला सरका, कठड्याच्या नाही. लादलेलं जनावर रुंद असतं आणि त्याला जागा हवी असते.

११. खोली घेताना पायऱ्या मोजा

या बेटावर ‘समुद्राचं दृश्य’ म्हणजे चढण. खोली ठरवण्याआधी एकच प्रश्न विचारा: बंदरापासून किती पायऱ्या? आई-वडील बरोबर असतील, गुडघे दुखत असतील तर बंदरालगतच्या सपाट पट्ट्यातच राहा, थोडे पैसे जास्त गेले तरी चालतील. खोलीच्या भाड्याशिवाय एक सरकारी हवामान शुल्क असतं, तेही लक्षात ठेवा. एप्रिल ते ऑक्टोबरमध्ये हॉटेलच्या दर्जानुसार दर खोलीमागे दर रात्री साधारण २ ते १५ यूरो. ते बहुतेकदा हॉटेलातच भरावं लागतं.

१२. बुटांवर खर्च करा

शेकडो वर्षांच्या पावलांनी इथल्या फरश्या आरशासारख्या गुळगुळीत झाल्यात. सकाळी दुकानदार समोरची जागा धुतात तेव्हा तर घसरगुंडीच. खालून चांगली पकड असलेले बूट हवेत, नव्या चपला घालून येऊ नका. पोहायच्या जागी खडक आणि गोटे, त्यासाठी रबराचे पाणबूट वेगळे घ्या.

१३. पाण्यावरची रिक्षा

रस्ते नाहीत, तर रिक्षा समुद्रात! बंदरात लहान मोटारबोटी उभ्या असतात, त्या समुद्री टॅक्सी. त्यांचं भाडं माणशी नसतं, अख्ख्या बोटीचं असतं. दोघांना जेवढं तेवढंच सहा-सात जणांना, म्हणून सोबत जमवा आणि वाटून घ्या. याशिवाय ठराविक वेळांच्या छोट्या बोटी समुद्रकाठांवर नेतात, त्या माणशी पैसे घेतात आणि बऱ्याच स्वस्त पडतात. परतीची शेवटची वेळ चढतानाच विचारून घ्या.

१४. वाळू शोधू नका, शिडी शोधा

कोकणातल्यासारखी लांबरुंद पुळण इथं मिळणार नाही. गावाच्या पश्चिम टोकाला स्पीलिया नावाची जागा आहे. तिथं खडकात लोखंडी शिड्या बसवल्यात. शिडी उतरलं की थेट खोल, नितळ निळं पाणी. पोहता येत असेल तर स्वर्ग, येत नसेल तर लांबूनच नमस्कार. मुलाबाळांना घेऊन चालत व्लिखोसला जा, पस्तीस-चाळीस मिनिटांची समुद्राकाठची सुंदर वाट आहे. मध्येच कामिनी हे कोळ्यांचं छोटं बंदर लागतं. बोटीनं जायचं तर आयिओस निकोलाओस किंवा बिस्ती. खडकांना चिकटलेले काळे काटेरी गोळे दिसले तर पाय जपा. ते सी अर्चिन, त्यांचा काटा पायात मोडून राहतो.

१५. पाणी जपून, कागद टोपलीत

इतक्या कष्टानं गोडं केलेलं पाणी आहे, आंघोळ आटोपशीर करा. पिण्यासाठी बहुतेक जण बाटलीबंद पाणी घेतात. ग्रीसमध्ये टपरीवरच्या अर्ध्या लिटरच्या बाटलीचा कमाल भाव सरकारनं ५० सेंट ठरवून दिलाय. आणि शौचालयातली सूचना खरोखर पाळा. वापरलेला कागद भांड्यात टाकायचा नाही, शेजारच्या झाकणाच्या टोपलीत टाकायचा. देशभर जुन्या वाहिन्या अरुंद आहेत आणि त्या चटकन तुंबतात.

१६. दुपारी गाव निजतं

पुणेकर हे वाचून सुखावतील. १ एप्रिल ते ३० सप्टेंबर या काळात दुपारी ३ ते ५.३० आणि रात्री ११ ते सकाळी ७ या कायद्यानं ठरवलेल्या शांततेच्या वेळा आहेत. दुपारी गल्ल्यांत मोठ्यानं बोलणं, संगीत लावणं लोकांना खपत नाही. लहान दुकानं तेव्हा बंद होतात आणि संध्याकाळी पुन्हा उघडतात. फळं, औषधं, पाणी जे काही हवं ते दोनच्या आत घ्या. मग तुम्हीही पडदे ओढून आडवे व्हा. उन्हं कलली की गाव पुन्हा जागं होतं आणि जेवणं रात्री नवाच्या पुढे रंगतात.

१७. शाकाहाऱ्यांचा जादूचा शब्द: ‘निस्तीसिमो’

ग्रीक ऑर्थोडॉक्स पंथात उपवासांची रेलचेल आहे. ईस्टरआधीचे आठवडे, नाताळआधीचे चाळीस दिवस, ऑगस्टचे पहिले चौदा दिवस, शिवाय बहुतेक बुधवार-शुक्रवार. कडक पाळणाऱ्याचं निम्मं वर्ष त्यात जातं. उपवासात मांस, अंडी, दूधदुभतं वर्ज्य. त्यामुळे भाज्या आणि कडधान्यांचं एक भलंमोठं दालनच तयार झालंय. उपवासाला चालणाऱ्या पदार्थाला म्हणतात ‘निस्तीसिमो’.

पण एक खाच आहे. मासा वर्ज्य असला तरी ऑक्टोपस, माखुल, शिंपल्या उपवासाला चालतात, कारण परंपरेनं त्यांना रक्तहीन मानलंय. म्हणून पुढे जोडा ‘खोरिस थालासिना’, म्हणजे समुद्री जिवांशिवाय.

आता काय मागवाल? ‘फावा’, पिवळ्या डाळीचं घोटलेलं घट्ट वरण, वर ऑलिव्हचं तेल, कच्चा कांदा आणि लिंबू. पहिल्या घासालाच घर आठवेल. ‘खोर्ता’, उकडलेल्या रानभाज्या, लिंबू पिळलेल्या. ‘यिगांतेस’, टोमॅटोत भाजलेले टपोरे पांढरे वाल. ‘ब्रिआम’, भट्टीतली मिसळभाजी. ‘येमिस्ता’, भात भरलेले टोमॅटो आणि ढोबळी मिरच्या, फक्त आत खिमा नाही ना ते विचारा. तिखटाची सवय असेल तर चटणीची पुडी मात्र आपली आपण न्या.

१८. कॉफी बसून, बदाम बांधून

ग्रीक कॉफी मागवताना साखर आधीच सांगावी लागते, कारण ती कॉफीबरोबरच उकळते. ‘स्केतो’ बिनसाखरेची, ‘मेत्रिओ’ मध्यम, ‘ग्लिको’ गोड. तळाशी गाळ उरतो, तो प्यायचा नसतो. उन्हात सगळे थंडगार फेसाळ ‘फ्रापे’ किंवा ‘फ्रेदो’ घेतात. फ्रापेचा जन्म १९५७मध्ये थेस्सालोनिकीत झाला. घरच्यांसाठी न्यायचं तर ईद्राचं ‘आमिग्दालोता’. बदामाची मऊ मिठाई, वर पिठीसाखरेचा जाड थर. टिकते, फुटत नाही आणि पाव्हण्यांना आवडते.

१९. बिल मागा, यूरोतच भरा

टेबलावर पाव येतो, तो न मागता येतो आणि बिलात लागतो. नको असेल तर आधीच सांगा. पावती देणं ग्रीसमध्ये बंधनकारक आहे. पावती मिळाली नाही तर पैसे देण्याचं बंधन ग्राहकावर नाही, असं मेन्यूवरच छापलेलं असतं. कार्ड जवळपास सगळीकडे चालतं, पण खेचरवाला आणि लहान बोटींसाठी सुट्टे यूरो ठेवा. एटीएम किंवा कार्ड यंत्रानं ‘रुपयांत घ्यायचे का?’ विचारलं तर यूरोच निवडा. रुपयांचा पर्याय हमखास महाग पडतो. आपला दोन गोल पिनांचा प्लग तिथं चालतो, तीन पिनांचा चालत नाही, म्हणून एक अडॅप्टर टाका.

२०. ओसाड बेटावर वाडे कुठून आले?

इतकं कोरडं, जेमतेम ५० चौरस किलोमीटरचं बेट. आज वस्ती दोन हजारांच्या आसपास. मग बंदराभोवती हे तीन-तीन मजली दगडी वाडे कुणी बांधले? दर्यावर्द्यांनी. जमीन पिकत नव्हती म्हणून ईद्राची माणसं समुद्र कसायला लागली. नेपोलियनच्या युद्धकाळात ब्रिटिश नौदलानं भूमध्य समुद्रातल्या बंदरांची नाकेबंदी केली होती. ईद्राच्या कप्तानांनी ती चुकवून भुकेल्या बंदरांत धान्य पोचवलं आणि सोन्यानं भरलेली जहाजं घरी आणली. त्या पैशातून वाडे उठले.

१८२१मध्ये ग्रीकांनी तुर्की सत्तेविरुद्ध उठाव केला, तेव्हा हीच जहाजं आणि हाच पैसा स्वातंत्र्ययुद्धात ओतला गेला. नौदलाचा सेनानी आंद्रेआस मियाउलिस इथलाच. त्याचं हृदय आजही बंदराजवळच्या ऐतिहासिक संग्रहालयात चांदीच्या कलशात जपलंय. पश्चिमेच्या टेकडीवरचा पिवळसर वाडा लाझारोस कुंदुरिओतिसचा, तोही आत जाऊन पाहता येतो. पुढे १९२४मध्ये ग्रीस प्रजासत्ताक झाला, तेव्हा पहिला राष्ट्राध्यक्ष झालेला पावलोस कुंदुरिओतिस याच घराण्यातला. वाडे बघताना एवढं मनात असलं की दगड बोलायला लागतात.

२१. तारेवरचा पक्षी

१९५७च्या ‘बॉय ऑन अ डॉल्फिन’ या चित्रपटात सोफिया लॉरेन ईद्राच्या पाण्यात उतरली आणि बेट जगाला दिसलं. त्याआधीपासूनच इथं लेखक-चित्रकारांचा राबता होता. ऑस्ट्रेलियन लेखक दांपत्य जॉर्ज जॉन्स्टन आणि चार्मियन क्लिफ्ट मुलाबाळांसह इथं राहत होतं. १९६०मध्ये कवी-गायक लिओनार्ड कोहेन आला आणि दीड हजार डॉलरला त्यानं घर घेतलं. तेव्हा बेटावर वीज आणि दूरध्वनी नुकते कुठे पोचत होते. खिडकीसमोरून टेलिफोनची तार गेली, तिच्यावर पक्षी येऊन बसू लागले आणि त्यातूनच ‘बर्ड ऑन द वायर’ हे त्याचं गाजलेलं गाणं सुचलं. गावाकडून कामिनीकडे जाताना त्याच्या आठवणीचा दगडी बाक आहे, समुद्राकडे तोंड करून. त्याच्या घराच्या दाराशी मात्र गर्दी करू नका, ती लोकांच्या राहत्या घरांची गल्ली आहे.

२२. मठाची चढण पहाटे

गावाच्या डोक्यावर प्रोफितिस इलियास मठ आहे, साधारण ५०० मीटर उंचीवर. चढायला तास-दीड तास लागतो आणि वर सावली फारशी नाही. सूर्योदयाला निघा, माणशी दीड लिटर पाणी घ्या. खांदे आणि गुडघे झाकणारे कपडे घाला, नाहीतर पिशवीत एक ओढणी असू द्या. वरून खालचं बंदर मुठीत मावेल एवढं दिसतं. दमलात तर बंदरातच घड्याळाच्या मनोऱ्याखाली जुना मठ आहे. संगमरवरी मनोऱ्याखालून आत पाऊल टाकलं की शांत चौक लागतो.

२३. कधी जायचं आणि काय विझवायचं

मेचा उत्तरार्ध, जून आणि सप्टेंबर हे सोन्याचे दिवस. सप्टेंबरात समुद्र कोमट असतो आणि गर्दी ओसरलेली. १५ ऑगस्टच्या आसपास अख्खा ग्रीस सुट्टीवर असतो, तेव्हा खोली मिळणं मुश्कील. हिवाळ्यात पुष्कळ हॉटेलं बंद. जूनच्या शेवटच्या आठवड्याअखेर ‘मियाउलिया’ उत्सव असतो, त्यात बंदरात एक नकली जहाज पेटवून जुन्या लढाईची आठवण जागवतात. ऑर्थोडॉक्स गुड फ्रायडेच्या रात्री कामिनीला ख्रिस्ताची फुलांनी सजवलेली शवशय्या खांद्यांवर घेऊन माणसं समुद्राच्या पाण्यात उतरतात, हातात मेणबत्त्या घेतलेलं गाव काठावर उभं असतं. ऑर्थोडॉक्स ईस्टरची तारीख दरवर्षी बदलते आणि बहुधा आपल्या दिनदर्शिकेतल्या ईस्टरपेक्षा वेगळी असते, ती पाहून घ्या.

उत्सवातली आग पाण्यावर असते. रानातली वेगळी. जून २०२४मध्ये एका आलिशान नौकेवरून उडवलेल्या फटाक्यांनी बिस्तीजवळचं पाइनचं रान पेटलं. या बेटावर तेवढंच एक पाइनचं रान होतं. तिथवर रस्ता नाही, आगीचे बंब जाणार कसे? उन्हाळ्यात इथलं गवत कागदासारखं वाळलेलं असतं. सिगारेटचं थोटूक, शेकोटी, फटाका काहीच नको. एवढं आपण प्रत्येकानं पाळलंच पाहिजे.

२४. परके नाही, जुने ओळखीचे

गप्पांत सांगायला एक खास गोष्ट. आपण रोज वापरतो तो ‘दाम’ ग्रीकांच्या ‘द्राख्मे’ या नाण्यावरून आला. पंचांगातली ‘होरा’ ग्रीक, आणि तिथं आजही वेळेला ‘ओरा’ म्हणतात. ‘केंद्र’ हा शब्दही त्यांच्या ‘केंत्रोन’वरून आलेला, अथेन्समध्ये शहराच्या मध्याकडे नेणाऱ्या पाटीवर ‘केंद्रो’ वाचाल. आणि लोणावळ्याजवळच्या कार्ल्याच्या लेण्यांत खांबांवर दान देणाऱ्या ‘यवनां’ची नावं कोरलेली आहेतच. कॉफीच्या टेबलावर ही ओळख काढा, खुर्ची आपोआप जवळ ओढली जाते.

आणि जाता जाता

अथेन्सहून सकाळी येऊन संध्याकाळी परतणारे खूप असतात. तसं करू नका, निदान एक रात्र राहा. दिवसभराचे पाहुणे शेवटच्या बोटीनं गेले की धक्का रिकामा होतो. मांजरं टेबलांखालून बाहेर येतात. म्हातारे खुर्च्या गल्लीत आणून बसतात आणि पोरं चौकात फुटबॉल काढतात, कारण त्या चौकात कधीच कुठली गाडी येणार नसते. आपल्या मुलांना ‘गाडी बघ रे’ असं दिवसातून वीस वेळा ओरडणाऱ्या आई-बापांनी ते पोरांचं खेळणं जरूर बघावं. मग वरच्या गल्लीतून कुठलं तरी शेवटचं खेचर घरी परतताना ऐकू येतं. ओझं उतरलेलं असतं. खुरं हलकी वाजतात.

घाई करणाऱ्याला ग्रीक लोक दोन शब्द ऐकवतात, ‘सिगा सिगा’. आपल्याकडे त्याला म्हणतात, सावकाश, हळूहळू. त्या रात्री ते समजावून सांगायला कुणी लागत नाही.